कंट्रोल ग्रुप

न्यूकॅसल, मंगळवार. जेल चोपडलेल्या टोप्या घालून
अच्युत आणि मी शेजारी बसलो,
पूजेला जोडीनं बसावं तसे.

पडद्यावर माझ्या रेघा जरा सुस्त.
"वयाचंच आहे," मॉइरा म्हणाली. "पेशी उशिरा बोलतात,
पण आपली पाळी येईस्तोवर थांबतात."
मग त्याच्या रेघांकडे वळली
आणि पेन चावत राहिली.

मला वाटलं होतं, तिथं अंधार असेल.
अंधार नव्हता. गलका होता.
काही पेशी उगाच, अखंड,
रिकाम्या घरात फोन वाजत राहावा तशा.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली त्यानं.
कुठली तार कुठं जाते, झोपेतही सांगायचा.

परतताना बसमधून त्यानं टाइनवरचे पूल मोजले: सात.
पुन्हा मोजले: सात.
पुन्हा.
तिसऱ्या खेपेला एकाचं नाव मलाच सुचेना.
थांबले. आलं ते, उशिरा, धापा टाकत:
रेडयफ.
त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली.

बस जवळजवळ रिकामी. खिडकीवर बारीक भुरभुर.
"अगं," तो म्हणाला,
"घे ना तो फोन."