ओतीव, घडीव

लॅडी ह्रुस्काच्या गॅरेजात हातभर दांड्याचा एक प्रेस आहे.
शुद्ध शिशाची कांडी डायमध्ये ठेवायची,
दांडा खाली, की गोळी तयार.
ना आच, ना धूर, ना वाट बघणं.
"एकीच्याही पोटात बुडबुडा नाही," म्हणतो,
आणि दहा गोळ्या एकेक करून तराजूवर ठेवतो.
काटा हलत नाही.
खरंच हलत नाही. मला राग येतो.

मी ओतणारी.
अलायन्समध्ये, नेब्रास्काच्या या सपाट टोकाला,
बत्तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये
शेतकऱ्यांच्या, रेल्वेवाल्यांच्या दाढांच्या कॅपा ओतल्या.
धातू निवताना किती आकसतो ते माझ्या बोटांना कळतं.
वीस भाग शिसं, एक भाग कथील.
साचा गार असेल तर गोळी सुरकुतलेली पडते,
फार तापला तर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी.
मधे कुठेतरी पाचसहा मिनिटं असतात.
त्यांच्यासाठी मी जानेवारीत दार सताड उघडून
कानटोपी घालून भांड्यापाशी उभी असते.

सांगलीला बहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं.
म्हणाली, गोळ्या? कसल्या, बीपीच्या?

तर शंभरातल्या माझ्या अकरा परत भांड्यात जातात.
त्याची एकही नाही.
पण मऊ आहेत त्याच्या. काळी दारू
ढकलत नाही, लाथ घालते,
आणि लांब नाकाची गोळी नळीतच जराशी बसते,
नाक कलतं. केसाएवढं.
हजार यार्डांवर तो केस हातभर होतो.
"थोडं कथील घाल," मी म्हणते.
"मग दांडा दाबणार कोण?"
गेल्या ऑगस्टमध्ये त्याचा उजवा खांदा
लिंकनच्या डॉक्टरांनी उघडून परत शिवला.

मी दाबला.
माझ्याच भांड्यातल्या कांड्या, चाळिसात एक कथील,
त्याचा डाय, माझं वजन. चप्पल घसरत होती.
चाळीस गोळ्या झाल्या. तो मोजत बसला,
मोजताना मधेच चेक भाषेत पुटपुटला,
मी अर्थ विचारला नाही.

शनिवारी कुरणात निशाण्यापर्यंतचं गवत
एका बाजूला झोपलेलं. मी पालथी पडले,
नळीत श्वास फुंकला, आतली काजळी मऊ व्हावी म्हणून.
चाप.
आधी धूर. धुरात मला काहीच दिसत नाही,
गोळी तीन सेकंद कुठेतरी वर असते,
आणि पत्र्याचा आवाज यायला आणखी तीन.

एक. दोन. तीन. चार.
लॅडी दुर्बिणीला डोळा लावून.
पाच. सहा.
सात.

"डावीकडे," तो म्हणाला. "वारा."
"वाराच," मी म्हटलं.
आणि दोघांनीही गोळीचं नाव काढलं नाही.