तुमच्या देशात

खोली नंबर चौदा. आठ बंक, नऊ माणसं
(सेबुन्या रात्रपाळीचा, तो उठला की मी त्याच्याच उबेत आडवा होतो)
आणि एक फोन.

फोन तसे सगळ्यांकडे आहेत, काहींचे कोरे करकरीत,
पण बोलणारा एकच. लोकेंद्रचा.
काचेला तडा, पाठीला रबरबँड.
बागलुंगहून निघताना त्याच्या भाच्यानं,
सायकलच्या चाकात जाता जाता हवा भरावी तसं,
ते अ‍ॅप त्यात भरून दिलं होतं.

आम्ही इथं उतरल्यावर शोधलं.
स्क्रीन अदबीनं म्हणाली,
हे अ‍ॅप तुमच्या देशात उपलब्ध नाही.

तुमच्या देशात!
मोसलेहुद्दीन इतका हसला की त्याला ठसका लागला.
अकरा वर्षं तो अजमानात,
तीन मालक, मूत्रपिंडात एक खडा,
पण कुठल्याच खिडकीतून कुणी
हा देश त्याला तुमचा म्हणून दाखवला नव्हता.

मग शुक्रवारी रांग.
माणशी बारा मिनिटं, घड्याळ झरवलीच्या हातात,
आणि कपाटाच्या दारावर चार लिप्यांत एकच वाक्य:
अपडेट करू नये.

एवढ्याशा खोलीत कान कुठे ठेवायचे?
मला पश्तो येत नाही,
पण झरवलीच्या धाकटीला दात येतायत, हे मला ठाऊक.
सेबुन्याच्या घराचं छत कुणीतरी निम्म्यात सोडून गेलंय.
माझ्या बायकोनं पुत्तलमला शिवणयंत्र विकलं
तेव्हा मी नुसतं बरं म्हणालो,
आणि त्या रात्री न विचारता
कुणीतरी माझ्या ताटात जास्तीची डाळ वाढली.

नवा पोरगा आला, सिराहाचा, कमलनयन.
एकोणीस वर्षांचा. लिप्या चारही त्याला वाचता यायच्या की नाही, देव जाणे.
चार्जिंगला लावताना निळं बटण चमकलं
आणि त्यानं दाबलं.
पोरं दाबतातच.

सकाळपर्यंत फोनला कळलं होतं
आपण कुठे आहोत ते.

कुणी हात उगारला नाही.
मोसलेहुद्दीननं कपाटावरचा कागद सोलून काढला,
डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा राहिला.
कमलनयन दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला.
झरवली अजूनही शुक्रवारी घड्याळ काढून
मांडीवर ठेवतो.

दुसऱ्या एका अ‍ॅपवर चित्र येतं. आवाज येत नाही.
लोकेंद्रची आई म्हशीचं रेडकू उचलून दाखवते,
मग औषधाची बाटली, मग
बोटांनी काहीतरी मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
तिच्या मागच्या भिंतीवर आमच्यापैकी कुणीही न पाहिलेला डोंगर
खिडकीएवढा.
तिचे ओठ हलत राहतात.
आम्ही सगळे वाकून बघतो,
नळ बंद करतो, पंखासुद्धा,
जणू आमच्याच गोंगाटानं ती ऐकू येत नाहीये.

काय म्हणते? सेबुन्या विचारतो.

लोकेंद्र स्क्रीनवरून डोळे काढत नाही.
म्हणते, आवाज येत नाही.

आणि आता?

आता पण तेच म्हणते.