खडा धरताना

लेन्सला बुरशी आली होती.
रत्नागिरीत येतेच. ओल आणि मीठ
हातात हात घालून काचेवर चालत येतात.
टिश्यूला स्पिरिट लावून, एकाच दिशेनं पुसली,
रिजस्टरमध्ये सही केली: रेडकर, वेळ सव्वाअकरा,
आणि लेझर सुरू केला. हिरवा.
टक. टक. सेकंदाला दहा.

समोर काचपट्टीवर सिलिकॉनचा थर,
उकळून उकळून गडद झालेल्या चहाच्या रंगाचा.
आत अणूंना शिस्त नाही.
शेजारचा कोण ते प्रत्येकाला ठाऊक,
चार घरं पलीकडे कोण राहतं, विचारू नका.
जत्रा उठल्यावर आरवलीच्या रस्त्यावर
माणसं जशी चालतात तसे उभे,
फक्त गोठलेले.

पहिल्या पट्टीवर ऊर्जा कमी पडली. काही झालं नाही.
दुसरीवर जास्त. थर उडाला,
भोकातून मागचा फळा दिसला
आणि फळ्यावर कुणीतरी पुसायचं विसरलेलं समीकरण.
वहीत लिहिलं: नमुना दोन, नष्ट.
तिसरीवर मी श्वास धरला
(त्याचा काही उपयोग नसतो)
आणि चहाचा डाग पिवळसर झाला,
पिकायला लागलेल्या हापूसच्या देठाजवळ होतो तसा.

तेवढ्यात काय घडलं ते डोळ्यांना दिसत नाही.
थर वितळला. खरोखर, पाण्यासारखा.
खालची काच गार, उष्णता तिकडे पळाली,
आणि थिजता थिजता अणूंना
आपापली जागा सापडली.
सगळ्यांना एकच नाही. इथे एक कण, तिथे दुसरा,
मध्ये बांध.
त्या बांधांवर इलेक्ट्रॉन अजून ठेचकाळतात,
पण वाट तरी आहे.

रविवारी शिरोड्याला गेले.
बाबा कोंडीत गुडघाभर उभे, फळीनं मीठ ओढत होते.
मी सांगितलं, आम्हीपण खडे धरतो.
"किती दीस लागतत?"
आठ नॅनोसेकंद.
"म्हणजे?"
म्हणजे दारातून निघालेला उजेड
चुलीपर्यंत पोचायला लागतो, तेवढा वेळ.
फळी थांबली. दाराकडे बघितलं,
चुलीकडे बघितलं.
इथे पंधरा दिवस ऊन खावं लागतं,
आणि वारा सुटला की खडा बारीकच पडतो.
"घाईचा मीठ बारीक," ते म्हणाले. "खडो केदो तुझो?"
केसाच्या जाडीत पाचशे बसतील.
"मगे पोत्यात भरतलंस कशां?"

याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही.

निघताना त्यांनी कागदात एक खडा बांधून दिला,
चौकोनी, मधोमध बुडालेल्या पायऱ्या,
उलटा धरला तर इवलं देऊळ.

सोमवारी रामनचा आलेख आला.
चारशे ऐंशीपाशी पसरट टेकाड होतं, ते गेलं,
पाचशे वीसवर सुळका उभा,
इतका अरुंद की सरांनी चष्मा काढून परत घातला.
डागाच्या कडेला, जिथे प्रकाश जेमतेम पोचला होता,
सूक्ष्मदर्शकात बारीक समांतर रेघा दिसल्या.
ओहोटीनं वाळूवर ठेवाव्यात तशा,
पण दोन रेघांतलं अंतर प्रकाशाच्या एका लाटेएवढं.
भरती कुठली ते कळलं.

मग बाबांचा खडा नमुन्याशेजारी ठेवला, सहज,
आणि रात्री लाईट गेली.
मे महिना. डिह्युमिडिफायर बंद.
सकाळी काचेवर पिवळा थर जसाच्या तसा
आणि शेजारी खड्याच्या जागी
एक थेंब.
बोट लावून चाखला, खारट.

फोनवर सांगायचं नव्हतं, सांगून बसले.
पलीकडे कोंडीतल्या पाण्याचा आवाज,
मग बाबा, जराही वाईट न वाटता:
"मगे उन्हात ठेव. परत धरतलो."