बटाट्यांची खोली

ही खोली आधी बटाट्यांची होती.
लाल, जांभळे, म्हाताऱ्या बोटांसारखे वाकडे,
हिवाळाभर अंधारात पडून कोंब काढणारे.
मी पोती हलवली, जमिनीच्या फळ्या तीनदा घासल्या,
तरी ओणवं झालं की मातीचा वास येतोच.
एल्सिरा फोनवर म्हणाली, राहू दे,
माती ओळखीची असलेली बरी.

ती कास्त्रोच्या इस्पितळात, डाव्या कुशीवर,
उठायची बंदी.
मी इकडे बेटावर, हातात ब्रश.
मध्ये एक खाडी, एक तर, दोन बस.
ती मला फोन फिरवायला लावते, छतापासून कोपऱ्यापर्यंत.
"तो डाग कसला?"
"ओल."
"आणि तो?"
"तीच. वळून आलीये."

रंग विकत आणला नाही.
वडिलांच्या बोटीचा पिवळा उरला होता,
वर साय धरलेली.
काठीनं ढवळला तर तळातून
एक अख्खा उन्हाळा वर आला,
बोट विकली त्याच्या आदल्या वर्षीचा.
दीड भिंत झाली आणि डबा खरवडला गेला.
"दीडच?"
"सूर्य अर्धाच उगवलाय," मी म्हणालो.
ती हसली
आणि मागे कुणीतरी नर्स तिच्यावर करवादली.

हे घर आजोबांनी टेकडीवरून ओढून आणलं,
बारा बैल, सगळा गाव, धुराड्यासकट.
तेव्हापासून या खोलीचा एक कोपरा खाली.
गोटी ठेवा कुठेही, दाराशी येते.
पाळण्याच्या चौथ्या पायाखाली
मी सरूच्या फळीचा तुकडा सारला,
आणि सारण्याआधी त्याच्या पोटावर
पेन्सिलीनं तारीख लिहिली.
कुणाला दिसणार नाही. दिसावी म्हणून लिहिली नव्हती.

शेजारच्या एदुविनाबाईंनी
कांद्याच्या सालीत लोकर उकळून सात मासे विणले.
सातव्याचा डोळा कपाळावर गेला.
"उसवू का?"
"नको," मी म्हणालो, "प्रत्येक जाळ्यात असा एक असतो."

मासे टांगायला बसलो तेव्हा कळलं,
मला येतात त्या सगळ्या गाठी
पळणाऱ्याला धरून ठेवायच्या आहेत.
फिरू देणारी गाठ मला कुणी शिकवलीच नाही.
त्या रात्री दोऱ्याशी झटत बसलो
पहाटे कोंबडा आरवेपर्यंत,
आणि एक जमली.
मासा हलला.
वारा नव्हता, माझाच श्वास असेल.

बाळ पाच आठवडे आधी आलं.
मुलगी. बऱ्यापैकी माशाएवढी,
असं मी बोलून गेलो, आणि सासूबाईंनी
दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.
काचेच्या पेटीत ती, भोवती नळ्या,
आणि मी मनातल्या मनात मोजत होतो
त्या खोलीत अजून काय राहिलंय:
दाराची कडी. खिडकीची फट.
एल्सिरानं पडल्या पडल्या अभ्र्यावर भरलेली होडी,
तिचं शीड राहिलंय.

घरी आणली ऑगस्टात, बर्फासारख्या पावसात.
आणि झोपते कुठे?
स्वयंपाकघरात, चुलीशेजारी,
सफरचंदांच्या खोक्यात.
तिथंच तेवढी ऊब आहे.
खोक्यावर छापलंय: नाजूक माल, वरची बाजू वर.
दीड भिंत पिवळी, सात मासे, पाळणा,
सगळं आत, थंडगार, दार लोटलेलं.

मीच जातो कधी रात्री
तिला निजवून झाल्यावर,
आणि फळ्यांवर पाठ टेकून पडतो.
वरून मासे बघतात. सातवा जरा जास्तच.

काल कोपऱ्यात एक पोतं दिसलं.
"तात्पुरतं ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या,
"ती येईपर्यंत जागा रिकामी कशाला."
मी हलवलं नाही.
एका बटाट्याला कोंब आलाय, पांढरा,
पिवळ्या भिंतीकडे वळलेला.