शब्दाला दीड रुपया

यादी आली शुक्रवारी रात्री.
शुभेच्छापत्रांवरची चाळीस वाक्यं, सगळी आनंदाची,
इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, सोमवार सकाळपर्यंत.
सातपूरला तिसऱ्या मजल्यावर मी,
शेजारी गार झालेला चहा,
खाली कंपनीची दुसरी पाळी सुटलेली, हॉर्नवर हॉर्न.

ओव्हर द मून. तीन शब्द, साडेचार रुपये.
चंद्राच्या पलीकडे तिकडं कुणी जात नाही,
ते सातव्या स्वर्गात थांबतात.
आपल्याकडं स्वर्ग दोनच बोटं उरतो,
आणि ती दोन बोटं कुणी ओलांडल्याचं
मी अजून ऐकलेलं नाही.

बर्स्टिंग विथ जॉय:
इंग्रज फुटतो,
गंगापूर धरणाची पाइपलाइन मे महिन्यात फुटते तसा.
स्पॅनिश माणूस फुटत नाही, फक्त स्वतःत मावत नाही.
मराठी माणूस स्वतःत आरामात मावतो,
आनंद तेवढा त्याचा गगनात मावत नाही.

कुलथे बाई शिकवायच्या कॉलेज रोडला,
चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर.
म्हणायच्या, असणं दोन प्रकारचं, सोय आणि एस्तोय.
एक हाडाचं, एक हवेचं.
आधी ठरवा, मग तोंड उघडा.
आम्ही सात जण होतो. चार हॉटेलात लागले.
एक खरंच बार्सिलोनाला गेला,
तिथं म्हणे दिवसभर गुजराती बोलतो.

वाक्य तेवीस: आय ॲम हॅपी.
नुसतं एवढंच.
मी विचारलं, हे कोण बोलतंय?
जन्माचं सुख आहे, की आजच्यापुरतं?
उत्तर आलं, जनरल ठेवा.

जनरल.
मला तर आनंद होतो.
मला सर्दी होते, मला उशीर होतो, तसाच.
माझा त्यात हात नसतो,
तो माझ्यावर होऊन जातो
आणि मी रुमाल शोधत बसते.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

वाक्य एकतीस: शिंपल्यासारखा खूश.
शिंपला खूश का, हे शोधण्यात अर्धा तास गेला.
भरती असली की त्याला कुणी उकरायला येत नाही,
एवढंच त्याचं सुख.
तिकडं शिंपल्याच्या जागी गांडूळ.
फेलिस कोमो उना लोंब्रिस.
इथं मी थांबले, कारण गांडूळ माझ्या ओळखीचं.

मखमलाबादला द्वारकाआत्याच्या द्राक्षबागेमागं
खताचे दोन बेड, वर ओलं गोणपाट.
गोणपाट उचललं की उजेड पडतो,
आणि ती सगळी,
हात नाहीत पाय नाहीत तरी लगबगीनं,
परत काळ्या मातीत शिरतात.
झाक, झाक, आत्या म्हणायची,
त्यांचं त्यांना करू दे.
कुणी बघितलं की आत जाणारा आनंद
त्या परक्या माणसांना कुठून कळला असेल?
त्यांच्याही द्राक्षांखाली असतील म्हणा.
एकतीस नंबर मी न खोडता लिहिला.

रविवारी दुपारी आत्याचाच फोन.
औषधांच्या अंशाचा रिपोर्ट आलेला. द्राक्षं पास.
कंटेनर उद्या निघणार.
माझ्यासमोर चाळीस वाक्यं उघडी,
चंद्र, सातवा स्वर्ग, नव्या बुटांतलं पोर,
म्हटलं आता ही यातलं काहीतरी बोलेल.

"झालं बाई एकदाचं," आत्या म्हणाली,
आणि बशीत चहा ओतल्याचा आवाज.

तिचा फुरका संपेपर्यंत
मी पाकिटाच्या मागं लिहून पाहिलं, पोर फिन.
खोडलं.
एकदाचं कसंबसं बसलं असतं,
बाई कुठंच बसेना,
आणि गेल्या सात महिन्यांच्या फवारण्या
त्या झालं-मध्ये होत्या, त्यांचं काय करायचं?

"आणि गांडुळं?" मी विचारलं.
"त्यांना काय धाड भरलीय!"