दुसरा फोटो

रुचिताच्या पोटावर एक गोल वळ होता,
बेंबीच्या वर चार बोटं,
दहाच्या नाण्याएवढा.
हँडलच्या टोकाचं रबर
मागच्या पोळ्यापासूनच नव्हतं, बाप म्हणाला.
उघडा पाइप.
धुऱ्यावरून सायकल घसरली
आणि ही त्यावर, पोटाच्या भारानं.

सोनोग्राफीत नुसती हवा.
जठर फुगलेलं, आतडं फुगलेलं,
त्यांच्यामागे ते,
पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या माणसासारखं.

ब्रह्मपुरीत त्याच दुपारी सीटी केला.
यकृत नीट. प्लीहा नीट. दोन्ही मूत्रपिंडं नीट.
स्वादुपिंड, मी लिहिलं, ठळक इजा दिसत नाही.
किती सहज लिहिते मी हे रोज.
'नाही' आणि 'दिसत नाही'
यांच्यामध्ये एक अख्खी रात्र असते,
आणि ती मी काढत नाही,
वॉर्डात कुणीतरी काढतं.

लहानू आठवडी बाजारात बकरं कापतो.
"फोटोत काय नाही दिसलं जी?"
मी हवेत बोटानं आडवं काढून दाखवलं,
मक्याच्या कोवळ्या कणसाएवढं,
दाणेदार, पाठीच्या कण्यावर टेकलेलं.
"हां, ते.
बकऱ्यातबी असते. कुत्र्याले टाकतो आमी.
लय नरम जी.
कण्यावर ठेवून आंगठा दाबला
त मधातून दोन तुकडे."
त्यानं कॉटच्या लोखंडी पट्टीवर
अंगठा दाबूनही दाखवला.
मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.
अंगठा मुठीत गेला.

रात्री ती गुडघे पोटाशी घेऊन निजली,
सरळ होईना.
पहाटे अमायलेज कालच्या तिप्पट.
मी मशीन तापायला लावलं,
शिरेतून औषध सोडलं, श्वास धर म्हटलं.
तिनं धरला, डोळे मिटून,
सोड म्हणायच्या आधी सोडला नाही.

होती.
मानेपाशी, बरोबर कण्यावर,
एक काळी रेघ.
ब्लेडनं ओढल्यासारखी नाही, वेडीवाकडी,
उन्हाळ्यात बांधीला पडते तशी.
प्लीहेच्या शिरेला लागून थोडं पाणी.
आतली नळी तुटली की नुसती चेपली,
ते या मशीनला सांगता येत नाही.
त्यासाठी नागपूर.

"काल होती का जी ही रेघ?"
मी कालचा फोटो पुन्हा लावला.
तुकडे एकमेकांना चिकटून होते, म्हटलं.
मग म्हटलं, बहुतेक होती.
तो वळ बघून
मी काल तिथंच जास्त वेळ थांबायला हवं होतं,
हे म्हटलं नाही.

दोन्ही अहवाल एकाच पाकिटात घातले,
तारीख, वेळ, सही.
पहिला फाडला नाही.

अँब्युलन्सच्या दारात एक पाय वर ठेवून
लहानू घरी फोनवर ओरडत होता, धाकट्या पोराला,
"सायकलीले हात नोको लावू बे!
पयले रबर.
नाही, पंक्चर नाही, रबर, रबर!"