जाळीत राहिलेलं

शारजाच्या पाठीमागे, अल सजाच्या वाळूत आमचा कारखाना.
सजा म्हणजे शिक्षा नव्हे गं, नावच तसं,
हे पहिल्याच फोनवर आईला सांगून टाकलं.
आणि करतोस काय तिथे?
वापरलेलं तेल गोळा करतो, त्याचं डिझेल करतो.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
एवढ्या तेलाच्या गावात?

त्याच गावात.
जमिनीखालचं युगायुगांचं सोडून
आम्ही काल रात्रीचं मागत फिरतो.

पहाटे तीनला शफी पेवेकर टँकर लावतो,
एकेका ड्रमाचं झाकण उचलून नाक पुढे करतो.
हे मलबाऱ्याचं, केळ्याचे काप.
हे मिसरी फलाफलवाल्याचं, धने जास्त.
ह्यात सुरमई, आणि तळणाऱ्याला घाई होती.
आम्ल किती चढलंय ते ठरवायला
माझ्या ब्युरेटला बारा मिनिटं लागतात.
शफी आधीच म्हणतो, चढलंय.

रमजानात ड्रम पुरत नाहीत.
समोसे, लुकेमात, कांदाभजी,
शहर उपास सोडतं
आणि आम्हाला रात्रपाळी लागते.

गाळायचं. तापवायचं, साठाच्या आत,
नाहीतर मेथॅनॉल उठून जातं
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं.
आणि पाणी अजिबात नको.
तांब्याभर जरी राहिलं तळाला
तरी सगळ्याचा साबण.
माझा झाला होता, पहिल्याच महिन्यात, दोन टन.
तेल गेलं, तूप गेलं,
धुपाटणंसुद्धा नाही, हाती नुसता फेस.
शफी काही बोलला नाही.
दोन बादल्या भरून नेल्या
आणि आठवडाभर त्यानेच टँकर धुतला.

जमलं तर रात्रीत दोन थर पडतात.
खाली ग्लिसरीन, काकवीसारखं, जड, आपल्यातच.
वर ते. मधाच्या रंगाचं, पातळ.
त्यात मासा नाही, धने नाहीत, घाई नाही.
मी दर खेपेला हुंगून बघतो.
त्याला काहीच आठवत नाही.
स्वच्छ होणं ते हेच असेल
तर मला त्याची जरा भीती वाटते.

मग नोव्हेंबरात बिल्डिंगांचे डबे सुरू झाले.
घराघरातलं थोडंथोडं तेल,
झाकणावर फक्त मजल्याचा आकडा.
जाळी झटकायचं काम माझं.
काटे निघतात, मिरचीचे देठ,
एकदा शर्टाचं बटण, तळून कुरकुरीत.
त्या दिवशी काळ्या चुऱ्यात
बोटाच्या पेराएवढा तुकडा,
त्याची एक कड नागमोडी.
कातण्याने फिरवलेली.

करंजी. फुटली असणार तेलात,
सारण सांडलं असणार, तेल काळं पडलं असणार,
अकराव्या मजल्यावर कोणीतरी
स्वतःवरच चिडलं असणार,
आणि बाकीचा घाणा तसाच रेटून काढला असणार.

शफीने वास घेतला. खोबरं, म्हणाला. जळलेलं.
तुमच्यातलं कोण तरी हाय.
थोडं थांबून :
न्हायतर आमच्यातलं. आमी पन करताव ईदला.

तो डबा मी वेगळा काढला नाही.
काढून ठेवणार कुठे?
सुरमईत ओतला, केळ्यात ओतला,
साठाच्या आत तापवला, पोटॅश अचूक मोजलं.
सगळ्या चाचण्यांत पास.
पाण्याचा अंश नाही.
गुरुवारी शाळांच्या बसवाल्यांनी नेलं.

सोमवारी पाळी संपवून परतताना
सिग्नलला एक पिवळी बस आमच्या पुढे.
मागच्या काचेतून दोन पोरं जीभ दाखवत होती.
शफीने गाडीची काच खाली केली,
नाक बाहेर काढलं, डोळे मिटले.
हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले,
तरी तो तसाच.

मी विचारलं नाही काय ते.
आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्यानेही सांगितलं नाही.